सात नंबरचा आवाज

भुताखेताच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी आधी विचारतो, "काल किती झाली होती?" माझा स्वभावच तसा. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

मी नागपूरचा, सक्करदऱ्याला राहतो. धंदा शूटिंगचा — म्हणजे पडद्यामागचा. सिनेमावाले परदेशात गेले की त्यांच्यासाठी गाड्या, जनरेटर, परवाने, गरम जेवण अशी सगळी सोय करायची. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत फिनलंडच्या पार उत्तरेला, एका गोठलेल्या तळ्यावर आमचं काम होतं. तिथे त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो, तेवढ्यात काय ते उरकायचं. तापमान उणे अठ्ठावीस. जनरेटर सांभाळायला मी कन्हानच्या माझ्या भाऊजींना, प्रमोदरावांना नेलं होतं. मशिनीच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. ताईची मात्र इच्छा नव्हती.

"त्यायले काही झालं तं मी तुलेच विचारीन, राजू," ती म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

आम्ही अकरा जण, तीन गाड्या. जनरेटरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून तो दूर, एका टेकाडामागे ठेवला होता. आइला नावाची तिथलीच एक पोक्त बाई सुरक्षेचं बघायची. तिचा एकच नियम — निघताना प्रत्येकाचं तोंड बघून मोजायचं. आम्हाला ते पोरकट वाटे. आपल्याकडे वॉकीटॉकीवर प्रत्येकाने आपला ठरलेला नंबर सांगितला की निघतात.

त्या दिवशी साडेबाराला वादळाचा इशारा आला. भराभर आवराआवर झाली. दिवे गेले, म्हणजे जनरेटर बंद करून भाऊजीही निघाले असणार. आइला सगळ्यात पुढच्या गाडीत, रस्ता बघत होती. गाडीचं दार उघडून बाहेर पडायचा कंटाळा केला मी, खोटं कशाला सांगू? वॉकीवर म्हटलं, नंबर सांगा. एक, दोन, तीन... भाऊजींचा नंबर सात.

"सात. बसलो गा गाडीत."

स्वच्छ आवाज. आम्ही निघालो.

चारेक किलोमीटरवर पक्का रस्ता लागला, तिथे आइलाने गाड्या थांबवल्या. स्वतः उतरून, एकेक दार उघडून तिने मोजलं. दहा.

मी तिच्याशी वाद घालत होतो. "अहो, बोलले ना ते आत्ता!" आणि बोलता बोलता माझी नजर माझ्याच गाडीत समोर गेली. भाऊजींचा वॉकी तिथे पडला होता. थंडीत बॅटरी उतरते म्हणून सकाळी त्यांनीच तो माझ्याकडे दिला होता, धांदलीत मी ते पार विसरलो होतो. बंद होता. मी गाडी मागे वळवायला सांगितली.

परत जाताना पुढचं दिसत नव्हतं. भाऊजी जनरेटरच्या आडोशाला उकिडवे बसले होते, भुवया बर्फाने पांढऱ्या, ओठ निळे. अजून अर्धा तास गेला असता तर काय झालं असतं, ते आइलाने मला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मी त्यांना मिठी मारून रडलो.

"तुम्ही आले काहून नाही गाडीकडे?" मी ओरडलो.

"तूच तं म्हटलं नं... थांबा भाऊजी, गाडी घेऊन येऊन राहिलो म्हणून. मांगंच उभा होता तू."

मी त्या टेकाडाकडे दिवसभरात फिरकलोही नव्हतो.

वाऱ्याचा भास म्हणाल, तर सातचं उत्तर तिन्ही गाड्यांत सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणी चेष्टा केली म्हणाल, तर बाकीचे मुंबईचे नाहीतर तिथलेच. बोलताना आमच्याकडचं ते 'गा' लावणारं आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. आइलाला विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "म्हणून आम्ही तोंड बघतो."

भाऊजी आता ठणठणीत आहेत. पण कन्हानला गेलो तेव्हा ताईने चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारलंच.

"तुले माह्या नवऱ्याचा आवाज ओळखू नाही आला काहून रे?"

"ओळखला ना, ताई," मी म्हटलं. "म्हणून तं निघालो."