एप्रनच्या खिशातला चाकू

पँटचा गुडघा बघून शिंपीकाका सांगत, हा माणूस फरश्या बसवतो. बाहीची कड बघून सांगत, ही बाई दिवसभर टेबलाशी बसून लिहिते. गिऱ्हाईक चाट पडायचं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात, तसं झालं. स्वतःच्या बायकोचा एप्रन हातात येऊनही त्यांना बरेच दिवस काही कळलं नाही.

काकू गुलाबांच्या नर्सरीत कामाला होत्या. त्यांचं काम डोळे भरायचं, म्हणजे कलमं करायचं. रानगुलाबाच्या खुंटाला सालीवर चीर द्यायची, चांगल्या जातीच्या फांदीवरून एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची बारीक गाठ, सालीसकट अलगद सोडवायचा, तो चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. सांगायला दोन वाक्यं, शिकायला अर्धं आयुष्य. डोळ्याच्या मागे लाकडाचा जाडसर पापुद्रा राहिला तर तो धरत नाही, साल फाटली तर सुकतो, आणि चाकू बोथट असेल तर चिरडतोच. काकूंनी भरलेला डोळा सहसा वाया जात नसे. फुलं बघायला येणाऱ्यांना याची कल्पना नसायची आणि काकूंना त्याची खंत नव्हती.

त्यांच्याकडे एकच चाकू होता, घडीचा, शिंगाच्या मुठीचा. कामाच्या पहिल्या वर्षी घेतलेला. धार लावून लावून पातं निम्मं उरलं होतं, पण स्प्रिंग अजून पहिल्यासारखीच कडक होती. याच चाकूने खताच्या गोणीची शिवण उसवायची, सुतळी कापायची, पाट्या लिहायच्या पेन्सिलीला टोक काढायचं आणि जेवणानंतर स्वच्छ पुसून सफरचंद सोलायचं. नर्सरीत कुणालाही काही कापायचं असलं की हाक यायची, “काकू, चाकू!” काकू चाकू द्यायच्या नाहीत. स्वतः उठून जायच्या, कापून द्यायच्या आणि परत यायच्या. “उसना गेलेला चाकू माणसासारखा नसतो,” त्या म्हणत, “माणूस निदान काय झालं ते सांगतो.”

तर तो एप्रन. पहिल्यांदा खिसा फाटला तेव्हा काकांनी रेडिओ ऐकता ऐकता शिवून टाकला. दुसऱ्यांदा आतून जाड कापडाचा तुकडा लावला आणि म्हणाले, “आता हत्ती ठेव खिशात.” तिसऱ्यांदा मात्र त्यांनी रेडिओ बंद केला. खिडकीशी जाऊन खिसा उलटा केला. झिजलेल्या कापडाचे धागे विरळ होतात, फाटलेल्याचे ओढले जातात. हे धागे एका रेषेत, साफ तुटले होते. आणि आतून.

“काय गं, खिशाला काय लागलं?”

“खिळा असेल कुठला तरी,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

मग काकांनी एक केलं, जे इतकी वर्षं एका घरात राहून करायचं राहून गेलं होतं. बायकोच्या हातांकडे नीट पाहिलं. बरणीचं झाकण तिने डाव्या हाताने, पोटाशी धरून उघडलं. कपाचा कान न धरता कप ओंजळीत घेतला. सफरचंद समोर आलं तेव्हा म्हणाली, “आज तुम्हीच चिरा, मला कंटाळा आलाय.” बाई सफरचंद एका सलग सालीत सोलायची आणि ती साल नवऱ्यासमोर धरून मिरवायची. तिला कंटाळा?

काकांनी एप्रन टेबलावर पसरला. “खिळ्याला धार असते का गं?”

काकूंनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजून वर आला होता. “सकाळी लाकूड होतो नुसता. पात्याच्या खाचेत नख घालून ओढायला गेले की डोळ्यांपुढे तारे. म्हणून सकाळी एकदाच अवजारांच्या खोलीत जाते, पकडीने पातं ओढून काढते आणि दिवसभर उघडंच ठेवते. फडक्यात गुंडाळून.”

“खिशात? उघडा चाकू? मांडीला लागला तर?”

“लागलाय एकदा. थोडासा.”

“आणि मला सांगितलं नाहीस!”

“तुम्ही मालकांना सांगितलं असतंत. ते म्हणाले असते, काकू, बसा आता गल्ल्यावर, सावलीत, खुर्चीवर. चांगला माणूस आहे, नक्की म्हणाला असता. अहो, मी खुर्चीवर बसून रोपं पिशवीत घालून द्यायची? मग मी तिथे जाऊ कशाला?”

काकांना हे पटलं, आणि पटलं म्हणूनच राग आला. “मी काही मालकांचा शिंपी नाही, त्यांच्या कानावर घालायला,” एवढंच ते म्हणाले आणि मेहुण्याला फोन लावला.

काकूंच्या धाकट्या भावाला डोंगर चढायचा नाद आणि त्याहून मोठा नाद चाकूंचा. लोक चपला घेतात तसे तो चाकू घ्यायचा. रविवारी तो पत्र्याचा डबा घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुकान मांडलं. काकूंनी कुंडीतल्या गुलाबाच्या फांद्या कापून आणल्या. काकांनी सुतळी, गोणपाट आणि पुठ्ठा आणून ठेवला. परीक्षा म्हणजे परीक्षा.

“ताई, हा बघ, बटण दाबलं की काम झालं.” भावाने बटण दाबलं. पातं खाडकन बाहेर आलं आणि काकू खुर्चीसकट मागे सरकल्या.

“हा माझ्याआधीच उठतो रे! आणि मिटायचा कसा?”

“बटण दाबून धरायचं अंगठ्याने, आणि दुसऱ्या हाताने...”

“झालं. अंगठा आलाच.”

दुसरा चांगलाच जाडजूड. त्यात कात्री, कानस, चिमटा, डबे उघडायचं हत्यार, स्क्रू ड्रायव्हर, सगळं. काकूंनी तो तळहातावर तोलला. “हा चाकू नाही, बिऱ्हाड आहे. खिशात ठेवला तर एप्रन एका बाजूने लोंबेल.” शिवाय त्यातली प्रत्येक वस्तू नखाने उकलायची.

तिसऱ्याच्या पात्यावर छोटी गुंडी होती. एका हाताने उघडत होता, पण ढकलायचं काम त्याच दुखऱ्या सांध्याला. मिटताना मुठीतली पट्टी अंगठ्याने बाजूला दाबून धरायची आणि तोवर बोट पात्याच्या वाटेत. “बरं वाटायला लागलं की वापरीन,” काकू म्हणाल्या. चौथ्याच्या पात्याला मोठं गोल भोक होतं, डाव्या हाताने धरून ओढलं की उघडे. काकांनी लगेच त्याच्यावर बोट ठेवलं. सुतळी कापली, गोणपाट कापलं, पुठ्ठा तर लोण्यासारखा. “हाच घे!”

काकूंनी त्याने फांदीवरचा डोळा काढला आणि उलटा करून दाखवला. मागे लाकडाचा जाड तुकडा आला होता. “पातं पाचरीसारखं आहे. फळी फोडायला ठीक. माझं काम सालीत आहे.”

भाऊ हिरमुसला. “ताई, तुला चाकू पसंत पडायचा म्हणजे मुलगी बघण्याहून अवघड.”

काका मात्र कधीपासून चाकू उघड-मीट करत होते आणि त्यांच्या डोक्यात आपली कात्री घोळत होती. कात्री हाताला जड लागायला लागली की शिकाऊ शिंपी तिला धार लावायला पळतो. दुखणं बहुतेकदा पात्यात नसतं, मधल्या स्क्रूत असतं.

“आपण चुकतोय,” ते म्हणाले. “मघापासून आपण कापून बघतोय. कापतात सगळेच. तिला अडतंय कुठे? उघडताना आणि मिटताना. कडक स्प्रिंग नाही, खटका नाही, आणि पातं पातळ, असा एखादा आहे का तुझ्याकडे?”

“दाजी, तसा चाकू कोण घेतं?” म्हणत भावाने डब्याचा तळ उपसला. तिथून एक अगदी साधा निघाला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पातळ पातं आणि पात्याचं मागचं टोक शेपटीसारखं बाहेर आलेलं. “हा दुसऱ्या चाकूवर फुकट मिळाला होता. याला लॉक नाही, काही नाही. कुणाला दाखवायलाही लाज वाटते.”

काकूंनी तो डाव्या मुठीत धरला, शेपटी टेबलाच्या कडेवर टेकवली आणि हळूच दाबली. पातं आळसावल्यासारखं उघडलं. मग तो उजव्या हातात घेतला. मूठ आवळली तशी शेपटी तळहाताखाली दबली. जोवर हात मुठीवर, तोवर पातं मिटणार नाही. हातच लॉक. मिटायला पात्याची पाठ कडेला टेकवली, झालं. नखाचं काम नाही, अंगठ्याचं नाही.

त्यांनी फांदी उचलली. चाकू सालीखाली शिरला आणि कुणीतरी पान उलटावं तसा डोळा सुटून आला. मागे लाकडाचा कण नाही. काकूंनी तो डोळा नवऱ्यासमोर धरला.

भाऊ म्हणाला, “पण ताई, याने दार फोडता नाही येणार हं.”

“मी दारं फोडत नाही रे. उघडी असतात तिथेच जाते.”

स्प्रिंग नसलेला चाकू खिशात आपोआप उघडू शकतो, म्हणून काकांनी एप्रनला आतून जाड कापडाचा अरुंद कप्पा शिवला, चाकू जेमतेम मावेल असा. शेवटचा धागा तोडत म्हणाले, “आता कुणाला काही सांगायची गरज नाही. खुर्ची टळली.”

काकू एप्रन घडी घालत होत्या. “नाही. सांगणार आहे.”

“अगं, आता कशाला? सगळं नीट झालंय ना?”

“चाकू नीट झालाय. अंगठा नाही झाला. आज उघडायचं जमलं, उद्या पट्टी ओढायचं जमणार नाही. पट्टी सैल राहिली तर डोळे सुकतील आणि मालकांना वाटेल खुंटच खराब. माझ्या दुखण्यापायी झाडाला नावं नकोत.”

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. “तुझा कप्पा बसतो कसा ते बघायचंय,” म्हणत ते नर्सरीत गेले आणि कुंड्यांच्या ढिगाशी उभे राहिले. काकूंनी मालकांना वाफ्याशीच गाठलं. हात पुढे केला. नवा चाकू दाखवला. उन्हं येईपर्यंत हात चालत नाही, तेही सांगितलं. मग म्हणाल्या, “तुम्ही गल्ल्यावर बसा म्हणालात तर बसेन. पण आधी बघा.”

आणि त्या खाली बसल्या. शेपटी लाकडी पेटीच्या कडेला टेकवली, चाकू उघडला. चीर, डोळा, सरकवला. पुढचा खुंट. चीर, डोळा, सरकवला. काका इतकी वर्षं हे काम ऐकत आले होते, पाहत पहिल्यांदाच होते. आपण शिवताना असे दिसत असू का, असं त्यांच्या मनात आलं, आणि नसू, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

पट्टी गुंडाळताना काकूंचा चेहरा आक्रसला. मालक बघत होते. त्यांनी पँटचे गुडघे किंचित वर ओढले, काकूंच्या मागे मातीत बसले आणि पट्ट्यांची जुडी स्वतःच्या हातात घेतली.

“काकू, तुम्ही डोळे भरत पुढे चला. मी बांधत येतो. उद्यापासून बांधायला कुणीतरी देतो तुमच्या जोडीला. आणि उन्हं आल्यावर या.”

काकू पुढे सरकल्या. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

“मालक, ही काय बांधलीत? वाऱ्याने सुटेल. डोळ्याच्या खालून सुरू करा, वर या. हं. अजून घट्ट. अहो, ते गुलाबाचं झाड आहे, त्याला गुदगुल्या काय करताय!”

मालकांनी निमूटपणे पट्टी सोडली आणि खालून सुरुवात केली. शिंपीकाका कुंड्यांच्या आड तोंडावर हात ठेवून हसत होते.