मशीनवरचा हात

झरी जामणीकडच्या एका गावात ती तुरीची दाळ करते. मी भाड्याची जीप चालवतो आणि तालुक्याच्या साहेबांना तिच्याकडं नेतो. तिला सरकारी अनुदानावर दाळ मिल मिळाली आहे, आणि साहेब बदलला की नवा साहेब ती बघायला येतो.

कोणी काही सांगायच्या आधीच ती पदर सारखा करते, एक हात मशीनवर ठेवते आणि दुसऱ्या मुठीत दाळ धरून फोटोसाठी साहेबांच्या मोबाइलकडं बघत हसते. ते हसू मला आता पाठ झालं आहे. मशीन बंदच असते, कारण गावात दिवसा थ्री-फेज लाइट नसते. साहेब विचारतात, "चालू आहे ना?" ती म्हणते, "हाव." फोटोतली दाळ मागच्या पडवीत जात्यावर भरडलेली असते. साहेब चहा पिऊन निघतात. दाळ कोणीच विकत घेत नाही.

मागच्या आठवड्यात मी एकटाच गेलो. ती अंगणात दाळ पाखडत होती. किती आणू, हे बायकोला विचारायला मी मोबाइल काढला, तर ती सूप ठेवून उठली, मशीनवर हात ठेवला आणि हसली.

"फोटो नाही काढून राह्यलो, मावशी."

"मंग काहून आले, भाऊ?"

"दाळ घ्याले."

तिचं हसू हळूहळू उतरलं. मशीनला पाठ टेकून ती खालीच बसली.

"मंग आधी सांगाचं ना," ती म्हणाली.