चष्म्याइतकं अंतर

माळरानाच्या अभयारण्यातल्या निरीक्षण मनोऱ्यावर मी भोवत्यांची वाट बघते आहे. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून येतात, दिवसभर गवतावरून तरंगत फिरतात आणि संध्याकाळी त्याच गवतात उतरून झोपतात. अजून ऊन आहे. पाठ कठड्याला टेकते, आणि मांडीवरच्या दुर्बिणीचं वजन हळूहळू जाणवेनासं होतं.

"पक्षी बघायला आलीस की डुलक्या काढायला?"

शेजारी आत्या बसली आहे. पावसाळ्यात गेलेली माझी आत्या. तोच राखाडी स्वेटर, तोच जाड भिंगांचा चष्मा. मला आश्चर्य वाटत नाही. याचं काहीतरी कारण शोधायला हवं, एवढं फक्त मनात येऊन जातं.

ती दुर्बीण घेते आणि डोळ्यांकडच्या दोन्ही रबरी कडा दुमडते. चष्म्यावरून बघायचं तर त्या दुमडाव्याच लागतात. मला चष्मा नाही.

"पुन्हा उभ्या करून ठेवल्यास ना?"

"आता दुर्बीण माझी आहे, आत्या."

"असू दे. दिली कुणी?" मग दुर्बीण गवतावरून फिरवत, "एवढ्यात काय काय पाहिलंस?"

"धरलं नाही काहीच."

आमचा नियम तसाच होता. दोघींनी पाहिल्याशिवाय पक्षी पाहिला असं धरायचं नाही.

आम्ही मनोऱ्याच्या पायऱ्या उतरतो, आणि खाली माझ्या कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आहे. टेबलांच्या मधून कमरेएवढं गवत उगवलंय. काचेच्या कपाटातली पेंढा भरलेली घार मान वळवून आमच्याकडे बघते. गवत संपतं तिथे आत्याची हॉस्पिटलमधली खाट आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते.

"इथे शिक्रा बसला होता," ती म्हणते.

मला आठवतं. मी औषधं घेऊन परत आले तेव्हा तो छोटा शिकारी पक्षी टाकीवरून उडून गेला होता.

"तो राहिलाच आपला."

"तुझा राहिला. मी धरला."

"एकटीने?"

"मग? तू येईपर्यंत थांब म्हणू का त्याला?"

"आणि नियम?"

"तू घारीला गरुड म्हणायचीस म्हणून केला होता गं तो, ऋजू. आता म्हणतेस का?"

मी नाही म्हणते. खाटेवर कुणीच नाही.

थंडीने जाग येते. ऊन उतरलंय, मनोऱ्यावर मी एकटीच आहे. दूर गवतावरून पहिला भोवत्या येतो आहे, पंख किंचित वर उचललेले. मी दुर्बीण डोळ्यांना लावते, तर कडेने सगळं काळं पडतं. खाली घेऊन बघते. दोन्ही रबरी कडा दुमडलेल्या आहेत.

पावसाळ्यापासून त्या उभ्याच होत्या. झोपेत माझ्याच हातांनी दुमडल्या असतील. हीच शक्यता सगळ्यात जास्त.

मी त्या सरळ करत नाही. दुर्बीण डोळ्यांपासून जराशी लांब धरते, चष्म्याइतकी, आणि पक्षी पूर्ण वर्तुळात येतो. फिकट राखाडी पाठ, पंखांची टोकं काळी. नर आहे.

"धरला," मी म्हणते.