पोत्यांचं दार

रेशनच्या दुकानात गोणपाटाचा वास आला, की मला कळंबच्या आडत बाजारातलं ते रिकामं गोदाम आठवतं. शाळेतल्या आम्ही चौघी मास्तरणींनी बायकांसाठी नाटक बसवलं होतं आणि जागा मिळत नव्हती. गोदाम ऐसपैस होतं, मालकही द्यायला तयार होता. पण दार बाजारात उघडायचं आणि समोर दिवसभर गाडीवाले बिड्या ओढत बसायचे. त्यांच्यासमोरून बायका यायच्या कशा? त्यांना कुणी उठा म्हणणार नव्हतं, रीत काय ती आम्हालाच. गोदाम घ्यावं की नाटकच सोडावं, याचा मला घोर लागला. आत नुसत्या येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात मागच्या भिंतीतलं दार दिसलं. पोती उतरवायचं, उंबरा बरोबर बैलगाडीच्या उंचीला. गाडी उलटी लावली तर बायका थेट आत येतील! पण पोत्यांच्या दारानं सासूबाई येतील? त्या आल्या तरच आमची गल्ली येणार होती. संध्याकाळी चुलीपुढं त्यांना सगळं सांगितलं. त्या चुलीत काटक्या सारत राहिल्या. माझी एक भाकरी करपली, दुसरीही करपली. शेवटी उठता उठता म्हणाल्या, "गाडीत घोंगडं हातराय सांग. लई हिसके बसतेत." सकाळी शाळेआधी मी गोदामाची किल्ली आणली. आता नातवंडं मला नाटकाला मोटारीनं नेतात, मोठ्या दारातून हात धरून आत नेतात. आणि खुर्चीत बसण्याआधी मी मागचं दार कुठं आहे ते बघून घेते.