चुकलेली आरती

लालबागच्या आमच्या चाळीत दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचं भजन असतं. खाली अंगणात सतरंजी पसरतात, पेटी येते, टाळ येतात. कित्येक वर्षं हे भजन माझ्या आईच्या धाकात चाललं. कुणाचा टाळ चुकला की आई गाणं तिथल्या तिथे थांबवायची आणि त्या बाईकडे नुसती बघायची. कुणी मध्येच खुदकन हसलं तर मालवणीतून फटकारायची, "देवाच्यापुढे दात काढतत! लाज नाय वाटत?"

घरातही तेच. आरतीच्या वेळी आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत नसू, कारण बघितलं की हसू फुटणार. देव म्हणजे परीक्षेच्या वर्गातला सुपरवायझर, असंच मला लहानपणी वाटायचं.

हळूहळू चाळीतल्या तरुण सुना भजनाला यायच्या बंद झाल्या. आईला त्याचं काही वाटलं नाही. "थोडक्याच बायका असांदेत, पण नीट म्हणूक व्हयी," ती म्हणायची.

मग एका सकाळी चहा गाळताना तिच्या हातातलं गाळणं पडलं आणि पाठोपाठ तीही. उजवी बाजू लुळी पडली होती. काही महिन्यांत काठी धरून चालण्याइतकी ती सावरली, पण वाचा परतेना. समजायचं सगळं, बोलायला जावं तर एखादाच शब्द यायचा आणि तोही भलताच. पाणी मागायचं असलं की "चप्पल" म्हणायची. आपण चुकलो हे तिला लगेच कळायचं, आणि तेच तिला सोसत नव्हतं. शेवटी तिने तोंड उघडणंच सोडलं. देव्हाऱ्यापुढे ओठ घट्ट मिटून बसायची. भजनात पेटी वाजवणाऱ्या शेजारच्या काकू दर गुरुवारी बोलवायला यायच्या, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

परळच्या हॉस्पिटलमधली स्पीच थेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने विचारलं, "आजी आधी काही गायच्या का?"

"गायची म्हणजे काय! भजनं, आरत्या, सगळं."

"मग तेच म्हणवून घ्या. बोलणं अडतं तिथे पुष्कळदा गाणं वाट काढतं. आणि मावशी, चुकलं तर चुकू द्या हं. थांबवू नका."

चुकू द्या! हे आमच्या घरात कुणाला सांगायचं?

त्याच संध्याकाळी मी निरांजन लावलं, आरती सुरू केली आणि मोकळ्या हातात आईचा हात घेऊन ठेका धरला. पहिलं कडवं ती गप्पच होती. दुसऱ्याला ओठ हलले. आणि मग आवाज आला. खणखणीत, तिचा स्वतःचा आवाज. शब्दामागून शब्द, सगळे जागच्या जागी. शेवटी देवाचं नाव आलं आणि आईने तार स्वरात म्हटलं, "बांगडो!"

आणि त्या दिवशी एकादशी होती.

मी निरांजन हातात धरून तशीच उभी. आईकडे बघायची हिंमत होईना. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय बिचारी, असं वाटून मी खाली वाकले, तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पदर तोंडात कोंबलाय, तरी हसू आवरत नव्हतं. देवासमोर हसणारी आई मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मग माझाही बांध फुटला. काय झालं म्हणून काकू धावत आल्या आणि कळल्यावर उंबऱ्यातच फतकल मारून हसत सुटल्या.

आईने निरांजनाकडे बोट दाखवलं. पुन्हा! या खेपेला नाव बरोब्बर आलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मॅच जिंकून आली आहे.

मग सगळं घरच आरतीच्या चालीवर चालायला लागलं. चहा मागायचा तरी गाऊन, भाजी अळणी झाली तरी गाऊन. आणि एका गुरुवारी काकू बोलवायला आल्या, तर आई वेणीत अबोलीचा गजरा माळून दारात उभी!

माझ्या खांद्याचा आधार घेत ती खाली उतरली आणि खुर्चीत बसून गायली. मध्ये दोनदा शब्द घसरले. दोन्ही वेळा आधी ती हसली, मग इतरांना धीर आला. आवाज ऐकून गॅलऱ्या भरल्या. वरच्या मजल्यावरची एक सून, जिला आईने पूर्वी बघून बघून पळवून लावलं होतं, कठड्याशी उभी होती. आईने डाव्या हाताने तिला खाली बोलावलं. ती आली, घाबरत टाळ उचलला आणि पहिल्याच ओळीला चुकली.

सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या. काकूंची बोटं पेटीवर थबकली.

आईने भजनाच्याच चालीत, एकेक अक्षर सुटं करत, वरच्या पट्टीत म्हटलं, "च-लां-दे गो!"

मग जो गजर झाला, तसा आमच्या चाळीने कधी ऐकला नव्हता. गॅलऱ्यांतल्या बाया टाळ्या वाजवत खाली आल्या, पुरुष जिन्यात उभे राहून सूर धरायला लागले. त्या सुनेने काकूंना पेटीवरून उठवलं आणि आईच्या खुर्चीपुढे दोघींनी फुगडी घातली. आई मधोमध बसून मांडीवर ठेका धरत होती, डाव्या हाताने, आणि दर दोन ठेक्यांनी उजवा हातही थोडासा उचलत होती.