उजव्या दिव्याची तक्रार

"अण्णा, मीटर दोन्हीकडं सारखंच दाखवतंय."

"मग तुजं मीटर बिगडलंय."

मी मीटर माझ्या स्कूटरच्या बॅटरीला लावून दाखवलं. चांगलं होतं. अण्णा जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "ते काय बी असू दे सुमन. उजवा दिवा मंद हाय. मला दिसतंय की."

अक्कलकोट रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. ते गेल्यावर मीच चालवते, एकटीच. नव्या गाड्या कॉम्प्युटर लावून तपासतात, त्या शोरूमला जातात. माझ्याकडं ट्रॅक्टर, टेम्पो, जुन्या जीपा येतात. गिऱ्हाईक गाडी लावून निघून जातं आणि संध्याकाळी फोनवर विचारतं, "झाली का?" मी म्हणते, "झाली." बरेच दिवस असे जातात की तेवढंच बोलणं होतं. घरी गेल्यावर तेवढंही नसतं. लग्न केलं नाही, आई आधीच गेलेली.

अण्णा गाडी लावून जात नसत. स्टूल ओढून बसायचे. वळसंगजवळ शेतात राहतात, तेही एकटेच. बायको वारली, मुलगी हुबळीला दिलेली. लष्करात ड्रायव्हर होते. तिथून सुटल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेली जुनी जीप घेतली. लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, म्हणून पांढरा दिला. पुढं दर दोन-तीन वर्षांनी स्वतःच्या हातानं तोच रंग पुन्हा देत राहिले. त्यांचं सोलापूरला येणं, दवापाणी, बाजार, सगळं त्या जीपवर.

पहिल्यांदा आले तेव्हा फॉल्ट खराच होता. दोन्ही दिवे लावले की उजवा लालसर व्हायचा. गाडीत बल्बकडं वायरनं करंट जातो, पण परत येतो तो गाडीच्या लोखंडी बॉडीतून. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. बॉडीला जिथं अर्थची वायर बोल्टनं आवळलेली असते, तिथं लोखंड उघडं लागतं. अण्णांनी बोल्टखालीसुद्धा रंग फासलेला. करंटला परतीची वाटच नाही. मी बोल्ट काढला, रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, आवळलं. दिवा लखलखला. अण्णा खूश होऊन गेले.

थोड्या दिवसांनी परत आले. "तसंच हाय."

लष्करी गाडीच्या दिव्यांचं बटण साधं नसतं. फिरवायची खटकी असते. तिच्यावर एक जागा अशी असते की मोठे दिवे बंद राहतात आणि फक्त एक बारीक फटीचा दिवा लागतो, शत्रूला वरून दिसू नये म्हणून. इतक्या वर्षांत ती खटकी आतून जळालेली असणार, असं मला वाटलं. उघडली. थोडी काळी पडली होती. साफ केली. तरी मी दिव्यांना रिले लावला, म्हणजे दिव्यांचा जड करंट खटकीतून न जाता बॅटरीकडून सरळ जातो. आता मंद व्हायला कारणच नव्हतं.

अण्णा पुन्हा आले.

मी विचारलं, "डाव्याचा बल्ब काढून एकटा उजवा लावला तर?"

"तवा बरा दिसतो."

"आणि दोन्ही लावले की?"

"तवा उजवा मंद."

हे तर अर्थ खराब असल्याचं अगदी पुस्तकी लक्षण. एकेकटा दिवा चालतो आणि दोन्हींचा भार पडला की एक बसतो. म्हणून मी त्या वायरीमागं लागले. नवी अर्थ थेट बॅटरीपर्यंत ओढली. बल्ब उजव्याचा डावीकडं, डाव्याचा उजवीकडं केला. आमच्यात फॉल्ट शोधायची सोपी रीत आहे: सामान अदलाबदल करायचं. फॉल्ट सामानाबरोबर गेला तर सामान वाईट. जागेवर राहिला तर वायर वाईट. अण्णांच्या मते फॉल्ट जागेवरच राहिला, आणि वायर तर नवी होती. मला दोन्ही दिवे सारखेच दिसायचे, पण रस्त्यावर गाडी हादरली की फॉल्ट येत असेल, असं मी धरून चालले.

या सगळ्यात अण्णांच्या बऱ्याच चकरा झाल्या. येताना ते कधी शेंगा आणायचे, कधी कडक भाकरी नि चटणी. डोंगरातल्या रस्त्यांचं सांगायचे, बर्फात डिझेल गोठतं ते सांगायचे. मी वायर सोलत ऐकायची. दुकानात माणसाचा आवाज असला की हात वेगळेच चालतात, हे मला वडील गेल्यापासून आठवलंच नव्हतं.

पण फॉल्ट सापडत नव्हता आणि अण्णा आता चिडायला लागले होते. जीपच्या उजव्या मडगार्डला नवा पोचा दिसला. विचारलं तर म्हणाले, "बैलगाडी घासली. दिवा मंद असल्यावर काय व्हनार?"

तेव्हा मात्र मी दुकानाचं शटर ओढलं. "चला अण्णा, गाडी काढा. रस्त्यावर बघू."

दिवस नुकताच मावळला होता. अण्णा चालवत होते, मी डावीकडं. वळसंगच्या दिशेनं निघालो. दिवे लावलेले. गाडी त्यांच्या हातात अजून छान होती, गिअर लोण्यासारखे पडत होते. पुढं उजवीकडच्या शेतातून एक माणूस सायकल घेऊन रस्त्यावर चढत होता, कॅरिअरवर कडब्याची पेंढी. मला तो लांबूनच दिसला. अण्णांना दिसलाच असणार म्हणून मी काही बोलले नाही. गाडी हळू होईना.

"अण्णा!"

मी स्टेअरिंग धरून डावीकडं ओढलं. जीप खाली उतरली, बाभळीला घासून थांबली. पेंढी रस्त्यात पडलेली, सायकलवाला सायकल धरून उभा होता. त्याला लागलं नव्हतं. "डोळे फुटले काय रं?" म्हणून तो ओरडला, पेंढी उचलली आणि शिव्या देत गेला.

अण्णांचे हात स्टेअरिंगवरच होते. "बघितलंस? म्हनलं न्हवतं? उजवा दिवा मंद हाय."

मी समोर बघितलं. अजून चांगला उजेड होता. बाभळीचे काटेसुद्धा दिसत होते. सायकलवाला दिसायला दिव्यांची गरजच नव्हती.

मी खाली उतरले, त्यांच्या बाजूला गेले आणि त्यांना माझ्याकडं तोंड करून बसवलं. "अण्णा, डावा डोळा झाका. माझ्या नाकाकडं बघा. हात दिसला की सांगा." मी हात त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूनं हळूहळू पुढं आणत गेले. हात जवळजवळ माझ्या तोंडासमोर आला तेव्हा म्हणाले, "हां, आता."

आणि मला सगळं कळलं. एकटा दिवा लावला की अण्णा सीटवरून त्याच्या उजेडाकडं सरळ बघायचे, मग तो बरा दिसायचा. दोन्ही लावले की मधे बघायचे, आणि उजवी बाजू त्यांना दिसतच नव्हती. मी गाडीतलं सगळं बदलून बघितलं होतं. बघणारा तेवढा बदलला नव्हता.

"अण्णा, दिवा चांगला आहे. डोळा दाखवायला पाहिजे."

"साकु," ते म्हणाले. रागावले की त्यांच्या तोंडून कानडी यायचं. साकु, म्हणजे पुरे. "चावी दे."

चावी मी काढून घेतली होती. "देत नाही."

"मी कुटं कुटं गाड्या चालवल्यात, म्हाईत हाय का तुला?"

"माहीत आहे. सगळं तुम्हीच सांगितलंय."

त्यांनी स्टेअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग उतरले, जीपला हात लावत लावत पुढून वळसा घालून डावीकडं येऊन बसले. ड्रायव्हरच्या शेजारी कसं बसायचं ते त्यांना माहीत नसल्यासारखे, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी गाडी त्यांच्या घरापर्यंत नेली. घरात अंधार होता. ते म्हणाले, "चावी ठेव तुज्याकडं. हितं असली तर मी गाडी काडीन."

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. डोळ्यातला दाब वाढून नजर कडेनं खात येते, दुखत नाही, म्हणून कळत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येणार नाही, राहिलेली थेंबांनी टिकेल. गाडी बंद. रस्त्यानं जाताना मान पूर्ण उजवीकडं वळवून बघायचं.

अण्णांनी एवढंच विचारलं, "गाडी म्हंजे, शेतातल्या शेतात बी न्हाय?"

"नाही."

मुलगी हुबळीला चला म्हणाली. ते गेले नाहीत. जीप मी विकून दिली, म्हणजे गिऱ्हाईक शोधून दिलं. बार्शीचा एक जण वरातीसाठी घेऊन गेला. दिवे त्यानं तपासून घेतले. दोन्ही सारखे होते.

त्यानंतर दुकान पुन्हा पहिल्यासारखं झालं. कामात एकच फरक पडला. कुणी दिव्याची तक्रार घेऊन आलं की मी आधी त्याच्या सीटवर बसते, आणि मग मीटर काढते. काहींना डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवलं. त्यातले एकदोघं रागावून दुसऱ्या मेकॅनिककडं गेले. इलाज नाही.

अण्णा एकदा एसटीनं आले. स्टुलावर बसले. गाडी नव्हती, तक्रार नव्हती, त्यामुळं कशावर बोलायचं ते दोघांनाही सुचेना. चहा झाला. मी विचारलं, "थेंब टाकता ना?" "टाकतो की." मग "येतो" म्हणून उठले. स्टँड लांब होता, म्हणून मी स्कूटर काढली. माझ्या स्कूटरवर मागं कुणी बसत नाही. अण्णांचं वजन पडलं तेव्हा हँडल जरा हललं.

चौकात मी थांबले. मागं हालचाल जाणवली. आरशात दिसलं, अण्णांनी डॉक्टरनं सांगितल्यासारखी मान पूर्ण उजवीकडं वळवली होती. नीट बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"मोकळा हाय. चल."

स्टँडपर्यंत प्रत्येक चौकात त्यांनी तसंच केलं. मी प्रत्येक वेळी थांबले. जिथं थांबायची गरज नव्हती, तिथंही.