भर दुपारची बॅटरी

ज्याच्या भिंतीवर माझ्या मावससासऱ्यांनी भर दुपारी बॅटरी मारलेली नाही असं एक घर रत्नागिरीत दाखवा, मी मासे खायचं सोडून देईन. मी घाटावरचा, लग्नानंतर मासे खायला शिकलेला आणि आता त्यावाचून न जेवणारा माणूस आहे, तेव्हा ही पैज मी हरण्यासाठी लावत नाही. हे गृहस्थ माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. आम्ही दोघंही त्यांना काका म्हणतो. वीज खात्यात तेहतीस वर्षं ते घरोघर मीटरचं रीडिंग घेत हिंडले आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा सुरू केला. त्यासाठी त्यांनी पाटी लावली नाही, कार्ड छापलं नाही की नवे कपडे शिवले नाहीत. रीडिंगच्या काळातली खांद्यावरची पिशवी आणि तीच बॅटरी घेऊन ते बाहेर पडले. कुत्रीसुद्धा तीच होती, त्यामुळे ओळख करून घ्यायला वेळ गेला नाही.

बॅटरीचं कारण असं, की मीटर नेहमी पडवीच्या सगळ्यात काळोख्या कोपऱ्यात, कोळिष्टकांच्या मागे बसवलेला असतो. सवय सुटली नाही. घर दाखवायला नेलं की लोक आधी खिडकीतून काय दिसतं ते बघतात. काका सरळ मीटरकडे जात, बॅटरी पेटवत, डोळे बारीक करत आणि घराची कुंडली सांगायला लागत. "हे पन्नास युनिटवालं घर. शांत माणसं. दिवेलागणीला दोन दिवे, नवाला सगळं बंद." किंवा "हे दोनशेवालं. भावाभावांचं पटत नाय, दोन फ्रीज आहेत." एका घरात तर त्यांनी नुसता मीटर बघून थोरली सून माहेरी गेल्याचं ओळखलं होतं आणि ते मोठ्याने सांगितलंही होतं. त्या घराचा व्यवहार झाला नाही, पण सून परत आली असं म्हणतात.

कुत्र्यांनी त्यांना पुष्कळ प्रसाद दिला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पॅन्ट वर करून ते पोटरीवरचे व्रण दाखवत, "हे शिरगाव. हे मिरजोळे. आणि हे जे खोल आहे ना, ते आपल्या मावशीच्या माहेरचं." लग्नाआधी त्यांनी त्या घरी रीडिंग घ्यायला सहा वेळा जास्तीच्या फेऱ्या मारल्या होत्या, असं मावशी सांगते. काका ते नाकारत नाहीत.

त्यांच्या उत्साहाबद्दल काय सांगू! घर बघायचं ठरलं की सकाळी साडेसातला आमच्या दारात हाक. "अहो जावई, उठा! बसलेत काय? घरं काय बसून मिळतात?" चहा ते उभ्याउभ्या पीत. कुणाच्याही घरी त्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं. खुर्ची पुढे केली की ती मागे सारत आणि म्हणत, "रीडिंगवाला बसला की पुढची पंचवीस घरं राहतात." निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ती पंचवीस घरं त्यांची वाट बघत असल्यासारखे ते निघून जात.

आम्हाला घर कशासाठी हवं होतं तेही सांगतो. मी इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. बायको ब्लाऊज शिवते, आणि हात असा, की गुहागरहून बायका माप द्यायला येतात. अठरा वर्षांत आम्ही पाच भाड्याची घरं बदलली आणि पाचही वेळा भांडण तिच्या शिलाई मशीनवरून झालं. पाचव्या घराचे मालक खालच्या मजल्यावर राहत. तिने मशीनवर पाय ठेवला की ते खालून केरसुणीच्या दांड्याने छत ठोकायला सुरुवात करत. शेवटी मालक दुपारी बाजारात जाण्याची ती वाट बघायची आणि तेवढ्या तासाभरात तीन बाह्या लावायची. एकदा हातातलं काम तसंच ठेवून ती म्हणाली, "मला हॉल नको, गॅलरी नको. मशीन ठेवायला एक खिडकी हवी, बस्स." मी काकांना हे सांगितलं. त्यांनी ते पिशवीतल्या वहीत लिहून घेतलं.

आणि मग आठ महिने आम्ही घरं बघितली! मला तो काळ अजून आठवतो आणि अजून अंगात तरतरी येते. दर रविवारी स्कूटरवर पुढे काका, मागे आम्ही दोघं दुसऱ्या स्कूटरवर. नाचणे गावाकडे एका नव्या इमारतीत समुद्र दिसतो असं बिल्डर सांगत होता. समुद्र दिसत होता, पण न्हाणीघराच्या खिडकीतून, बादली उलटी करून त्यावर उभं राहिलं तर. काकांनी बायकोला बादलीवर चढवलं, मला चढवलं, शेवटी बिल्डरलाही चढायला लावलं आणि विचारलं, "आता सांगा, आंघोळ कुठे करायची?" दुसरं एक घर पाखाडीच्या वर होतं. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. पायऱ्या मोजता मोजता मी सत्तरीनंतर आकडा विसरलो. वर पोचल्यावर काकांनी मला बोलायला सांगितलं. मला बोलता येईना. "घर बाद," काका म्हणाले आणि उतरायला लागले.

घराचे दोष ते स्वतःच आधी सांगत, आणि तेही मालकासमोर. "ह्या भिंतीला ओल येते, होय की नाय हो? सांगा की, लाजता कशाला?" मालक बिचारे मान हलवत. काकांची आणखी एक परीक्षा होती. दुपारी घर बघायला गेलो की ते मला जमिनीवर आडवं व्हायला सांगत. "ज्या घरात माणसाला दुपारी झोप लागत नाय, ते घर घेऊन करायचंय काय?" पावसकडच्या एका घरात मी संकोचाने आडवा झालो आणि खरोखरच झोपलो. जागा झालो तेव्हा तास उलटून गेला होता. मालकीणबाईंनी माझ्या अंगावर चादर घातली होती. काका बाहेर अंगणात उभे राहून शेजाऱ्यांना सांगत होते, "घोरतो सुद्धा!" ते घर उत्तम होतं, पण त्याच्या सातबारावर एकोणीस नावं निघाली आणि त्यातली दोन माणसं कुठे आहेत हे उरलेल्या सतरा जणांना माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांना सहन होत नसे, ती म्हणजे बंद घर. रीडिंगच्या वहीत तेहतीस वर्षं त्यांनी सगळ्यात जास्त वेळा कोणता आकडा लिहिला असेल, तर तो शून्य. माणसं मुंबईला, घराला कुलूप, गणपतीत आणि शिमग्यात तेवढे चार दिवे. हे सांगताना त्यांचा आवाज उतरे. "चांगली नांदती घरं हो. मी आपला बॅटरी मारायचा आणि शून्य लिहायचा. पुढच्या महिन्यात परत शून्य." म्हणून घर विकताना ते गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारत, "राहणार की कुलूप घालणार?" कुलूपवाल्याला ते चहा देत आणि वाटेला लावत. माझी तर खात्रीच आहे, की धंदा हे निमित्त होतं. त्यांना एकेक शून्य खोडायचं होतं.

आठ महिन्यांनी, एका मंगळवारी, ते न ओरडता आले. खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "चला." भाट्याचा पूल ओलांडून फणसोपच्या चढावर त्यांनी स्कूटर थांबवली. जांभ्या दगडाचं बैठं कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर, आणि पायरीवर उभं राहिलं की माडांच्या शेंड्यांवरून समुद्राची रेघ. हे घर शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी स्वतःच्या कमाईवर बांधलेलं. बाई आता बदलापूरला मुलीकडे होत्या. चार वर्षं घराला कुलूप होतं आणि किल्ली काकांकडे. म्हणजे आठ महिने हे घर त्यांच्या खिशात होतं! मी चिडलो. "काका, मग आधी का नाही दाखवलंत?" ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला घरं दाखवत नव्हतो मी. तुम्हाला बघत होतो." बायको तोवर आत गेली होती. पूर्वेच्या खोलीत एक रुंद खिडकी होती. ती खिडकीपाशी उभी राहिली ती तिथून हलेना. मी तिच्याकडे बघितलं आणि आमचं दुसरं कुठलंही घर होणार नाही हे मला कळलं.

पण ते घर पुण्याच्या एका जोडप्यालाही हवं होतं. सज्जन माणसं होती, वाईट काहीच नव्हतं. त्यांची बोली आमच्यापेक्षा चढी होती आणि आमची ताणून ताणून तेवढी जात नव्हती. बाई बदलापूरहून आल्या आणि पडवीत सगळे बसले. काका अर्थातच उभे. काकांनी पुण्याच्या गृहस्थांना विचारलं, "शनिवार-रविवार झाले. मधले पाच दिवस हितं कोण?" ते प्रामाणिकपणे म्हणाले, "महिन्यातून एकदा येऊ आम्ही. एरवी माणूस ठेवू लक्ष ठेवायला." बाईंनी आमच्याकडे बघितलं. मी घसा साफ केला. तेवढ्यात माझी बायको, जी इतका वेळ पदराशी चाळा करत बसली होती, एकदम म्हणाली, "बाई, शिलाईची मशीन कुठे ठेवू हो? त्या खिडकीत की हितं पडवीत?"

व्यवहार अजून ठरायचा होता, आणि ही मशीन ठेवायला निघालेली! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पडवीत नको गो. जुलैत झड आत येते. खिडकीतच ठेव, उजेड चांगला येतो तिथे. मी वह्या तपासायला तिथेच बसायची."

ठरलं! पुण्याच्या बाईंनीच आधी माझ्या बायकोचा हात धरला. काका तर पडवीभर नाचायचे बाकी होते. त्यांनी मला ओढत मीटरपाशी नेलं, बॅटरी मारली, मेन स्विच वर केला आणि मीटरमधला लाल ठिपका लुकलुकायला लागला. "फिरला! फिरला!" ते ओरडले. हल्लीच्या मीटरात काही फिरत नाही, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती होती? शेजारचे कुंपणाच्या दगडी गडग्यावरून डोकावले, तेव्हा काकांनी त्यांनाही बोलावून तो ठिपका दाखवला. जास्तीची दलाली हातची गेली म्हणून मावशी दोन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच नारळ घेऊन आली.

त्यानंतर दर महिन्याच्या पाच तारखेला काका येत, उभ्याने चहा पीत आणि आमच्या मीटरवर बॅटरी मारत. "गेल्या महिन्यापेक्षा कमी. भांडलात काय?" बायको तेव्हा भावाच्या लग्नाला आठ दिवस गेली होती. "वाढलंय हां. मशीन जोरात दिसतेय." ती खरोखरच जोरात होती. तिने मशीनला मोटर बसवून घेतली होती.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही तीन महिने बंगळुरूला गेलो. किल्ली काकांकडे दिली. परत आलो तर बिलात युनिट. बंद घरात युनिट कसे? मी तार टाकून कुणी वीज चोरतंय असं धरून चाललो आणि लांबलचक तक्रार लिहून काकांना दाखवायला नेली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. "नका देऊ," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. मग मावशीने आतून सांगितलं, "अहो, तुम्ही गेलात तशी हे रोज संध्याकाळी तुमच्या पडवीत दिवा-पंखा लावून बसत होते. तास तास. घरी दूध आणा म्हटलं की गुडघे दुखतात, पूल ओलांडून बरे जातात!"

"बसत होते?" मी विचारलं.

"बसत होते. मी स्वतः बघून आले. बाईंची जुनी खुर्ची आहे ना, तिच्यात."

आयुष्यभर कुणाच्या घरी न बसलेला हा माणूस आमच्या घराचं शून्य होऊ नये म्हणून तीन महिने बसून राहिला होता.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी पुरता असहकार पुकारला. त्यांचा ठाण्याचा मुलगा येऊन दोघांना घेऊन गेला. इतक्या घरांची कुलपं काढलेल्या माणसाने त्या दिवशी स्वतःच्या दाराला कुलूप घातलं. मावशी रडली. काका रडले नाहीत. त्यांनी रुमालाने स्वतःच्या मीटरची काच पुसली, किल्ली माझ्या हातात दिली आणि किल्लीबरोबर ती बॅटरीही दिली.

आता रोज संध्याकाळी ग्रंथालयातून सुटलो की मी खालच्या आळीत त्यांच्या घरी जातो, पडवीतला दिवा लावतो, पंखा लावतो आणि बसतो. कधी बायको येते आणि तिथेच हुक लावत बसते. परवा पाच तारखेला मी तिथे बसलो असतानाच त्यांचा फोन आला. प्रकृतीचं काही बोलले नाहीत. "किती?" त्यांनी विचारलं. मी उठून कोपऱ्यात गेलो, बॅटरी मारली, आकडा वाचला आणि गेल्या महिन्याचा वजा केला. "नऊ युनिट, काका."

"पुष्कळ झाले हो," ते म्हणाले. मला वाटलं आता फोन ठेवतील, म्हणून मीही निघायच्या तयारीने चपलांत पाय घातला. इतक्या वर्षांत त्यांनी मला फक्त उठवलं होतं.

"जावई, निघालेत काय?" ते हळूच म्हणाले. "बसा जरा."